वापरलेला टॉवर शनिवारी उभा करायचाय, ताण किती ठेवायचा? (मदत हवी आहे)

अँटेनावाला
हॅम रेडिओच्या (हौशी बिनतारी संदेशांच्या) अँटेनासाठी वापरलेला टॉवर हाती लागलाय. तिकोनी, जाळीचा, तारांच्या आधाराने उभा राहणारा. ज्यांच्याकडे होता त्यांनी घर बदललं म्हणून उतरवून दिला. तारा, टर्नबकल (तार ताणायचे स्क्रू), बोल्टांची पिशवी सगळं सोबत आलंय. खड्डा खणून झाला. शनिवारी चार मित्र येताहेत, एका दिवसात उभा करून टाकायचा आहे. प्रश्न एवढाच की गाय वायर, म्हणजे आधाराच्या तारा, किती ताणायच्या? एक जण म्हणतो घट्ट, दुसरा म्हणतो सैल. जाणकारांनी लवकर सांगावं. बाकी सगळं तयार आहे.

पाणसळ
उंची किती? तुकडे किती? वर काय बसवणार? जमिनीत की गच्चीवर? तार कुठल्या जातीची आणि किती जाडीची? 'बाकी सगळं तयार आहे' हे वाचूनच धडकी भरली.

खरखर
धागा वरवर चाळला आणि 'गाय किती ताणायची' एवढंच दिसलं. म्हटलं, प्राणिमित्रांना बोलवावं का? (हलके घ्या.) अहो, त्याला तणावा म्हणा की. तंबूला असतो तोच.

जुना बिनतारी
सोपं आहे. अंगठ्याने छेडली की तार सतारीसारखी वाजली पाहिजे. मी वीस वर्षं असंच करतोय, एकदाही टॉवर हललेला नाही. पुस्तकं वाचून टॉवर उभे राहत नसतात.

पाणसळ
बिनतारी साहेब, सतारीचा सूर कोणता धरायचा? प्रत्येक तारेची लांबी वेगळी, तिचा सूरही वेगळा येणार. सर्वसाधारण नियम असा की वारा नसताना तारेत तिच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण १० टक्के ताण असावा. टॉवरसाठीची ३/१६ इंची, सात पदरी, उच्च ताकदीची तार सुमारे १८०० किलोला तुटते, म्हणजे ताण १८० किलोच्या आसपास. आता हिशोब बघा. वरच्या पातळीच्या तीन तारा मिळून टॉवरला ४०० किलोहून जास्त खाली दाबतात. तो भार सगळा पायांवर, म्हणजे जाळीच्या तीन उभ्या नळ्यांवर. तुमच्या सतारीत तो दुपटीने जात असेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल. फार सैल ठेवली तर वाऱ्यात टॉवर आधी कलतो आणि मग तार झटका देऊन अडवते, तेही वाईट. अंगठ्यावर भरवसा नको, ताण मोजायचा मीटर लावा.

जुना बिनतारी
माझा अजून उभा आहे.

पाणसळ
मोठं वादळ येईपर्यंत सगळेच उभे असतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपट झाला की भार सव्वादोनपट.

अँटेनावाला
भांडू नका हो. घ्या माहिती: ३ मीटरचे ६ तुकडे, एकूण १८ मीटर. जमिनीतच. वर रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) आणि तीन बँडची, म्हणजे तीन वारंवारिता-पट्ट्यांवर चालणारी, तीन एलिमेंटची (दांड्यांची) यागी अँटेना. तार मऊ आहे, हाताने सहज वळते, पाच मिलिमीटरच्या आसपास. विजेची लाईन ३० मीटरवर आहे, त्यामुळे ते विचारू नका. आता सांगा ताण.

रानवारा
एवढा खटाटोप कशासाठी? ७ मेगाहर्ट्झसाठी २० मीटर तार घ्या, मधून एका खांबावर उचला, दोन्ही टोकं खाली सोडा. इन्व्हर्टेड व्ही (उलट्या V आकाराची अँटेना) तयार. मी पाच वॅटवर जग फिरलोय. टॉवर ही हौस आहे, गरज नव्हे.

अँटेनावाला
हौसच आहे. धाग्याचं शीर्षक वाचा.

कप्पीदोर
'हाताने सहज वळते' हे खटकलं. मऊ तार म्हणजे बारीक बारीक धाग्यांची, कप्पीवरून फिरण्यासाठी केलेली. ती लांबते. आज ताण लावला की महिन्याने सैल. टॉवरला कडक सात पदरी तार लागते, ती वळवताना हातातून उसळते. तुमची तार तणाव्याची नव्हेच, कुणीतरी नंतर बदललेली दिसते.

आणि दोन प्रश्न. जुन्या जागेवरून टॉवर काढला कसा? आणि शनिवारी नक्की कसा उभा करणार?

अँटेनावाला
सगळ्यात खालचा तुकडा काँक्रीटमध्ये होता, तो जमिनीपासून चार बोटं वर ग्राइंडरने कापला. शनिवारी सहाही तुकडे आडवे जोडणार, बुडाला बिजागरी, शेंड्याला दोर, आणि चौघं ओढणार. सकाळी पाया भरू, संध्याकाळी टॉवर वर.

कप्पीदोर
थांबा. हे करू नका. टॉवर आडवा असताना दोर जवळजवळ जमिनीलगत असतो. तुम्ही कितीही ओढा, ती ओढ बिजागरीकडे जाते, उचल होतच नाही. त्यातून उचललाच तर १८ मीटरची जाळी मध्ये झोळी होऊन वाकेल. हा टॉवर उभं राहायला केलाय, पुलासारखा आडवं राहायला नव्हे.

पद्धत अशी. एकेक तुकडा वर चढवायचा. टॉवरच्या तीन पायांपैकी एकाला जिन पोल बांधायचा, म्हणजे वर कप्पी असलेला लांब पाइप. दोराने तुकडा उचलायचा, वरचा माणूस तो बसवून बोल्ट घालणार. जिथे कायमचे तणावे अजून लागले नसतील तिथे तात्पुरते दोर तीन दिशांना हवेतच, त्याशिवाय वर चढायचं नाही. अंगात पूर्ण हार्नेस, दोन लॅनयार्ड (टॉवरला अडकवायचे दोर), एक सोडण्याआधी दुसरा अडकवलेला. नुसता कमरपट्टा नको. वरून पाना सुटला तर तो खालच्याचं डोकं शोधतो, म्हणून बुडाशी घोळका नको.

आणि सकाळी ओतलेलं काँक्रीट संध्याकाळी? त्याला पूर्ण ताकद यायला २८ दिवस धरतात.

मधली सुट्टी
टॉवर लागला की शेजाऱ्यांचा टीव्ही बिघडतो म्हणून ओरड होतेच. टीव्हीच्या केबलला फेराइटच्या (चुंबकीय पदार्थाच्या) रिंगवर आठ-दहा वेढे द्या, त्रास कमी होतो. माझ्याकडे तीन प्रकारच्या रिंगा आहेत, कुणाला तुलना हवी असेल तर वेगळा धागा काढतो.

अँटेनावाला
शेजाऱ्यांबद्दल कुणी विचारलं? मी ताण विचारला होता. पाच दिवसांवर शनिवार आहे आणि इथे सगळे मला लहान मुलासारखं समजावताहेत.

पाणसळ
रागावू नका भाऊ. चढणारा माणूस तुमचा मित्र असणार, म्हणून विचारतोय. आणखी एकच: तणाव्यांचे अँकर, म्हणजे तारा जमिनीत बांधायच्या जागा, बुडापासून किती लांब? उंचीच्या ८० टक्के अंतर चांगलं धरतात. १८ मीटरला साडेचौदा मीटर, तेही तीन दिशांना १२० अंशांवर.

अँटेनावाला
दोन बाजूंना आहे जागा. तिसऱ्या बाजूला भिंत, तिथे जेमतेम १० मीटर. एक तार थोडी उभी आली तर काय बिघडतं?

पाणसळ
तार जितकी उभी, तितका तेवढ्याच वाऱ्याला अडवायला तिच्यात ताण जास्त, आणि टॉवरवर दाबही जास्त.

स्फटिका
मला पायांची काळजी वाटते. जमिनीलगत कापला म्हणजे तिथला पाइप कुणीतरी आतून पाहिला का? काँक्रीटमध्ये गाडलेल्या पायात पाणी साचतं. निचऱ्याला खाली खडी नसेल तर वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि पाइप आतून गंजतो. बाहेर जस्ताचा मुलामा चकचकीत. आमच्या क्लबाला असाच एक टॉवर फुकट मिळाला होता, रंग मारलेला, देखणा. देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. दादा, एक करा: हातोडी घ्या आणि तिन्ही पाय खालपासून वरपर्यंत ठोकत जा. चांगला पाइप खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. तेवढ्याने पास समजू नका, पण नापास लगेच कळतो.

जुना बिनतारी
हे मात्र ताईंनी बरोबर सांगितलं. आणि अर्थिंगची तांब्याची पट्टी जस्त लावलेल्या पायावर सरळ आवळू नका. ओलीत जस्त खाऊन जातं. मध्ये स्टीलची क्लॅम्प घ्या. अँटेनाची केबल जाडच टाका, बारीक केबल म्हणजे पॉवर वाटेत सांडणं.

रानवारा
केबलच्या वादात पडू नका, मोकळ्या दोन तारांची लॅडर लाइन लावा. तोटा नगण्य.

जुना बिनतारी
रोटेटरवर फिरणाऱ्या यागीला लॅडर लाइन? वळसे मोजत बसणार का?

(रानवारा आणि जुना बिनतारी यांचे पुढचे अकरा प्रतिसाद लॅडर लाइनच्या धाग्यावर हलवले आहेत. — संपादक)

अँटेनावाला
ठोकून पाहिलं.

वरचे चार तुकडे खणखणीत. पाचव्याचा आवाज ठीक, पण बोल्टची भोकं गोल राहिलेली नाहीत, लांबट झालीत. बोल्ट घातला की डुगडुगतो. शिवाय एका आडव्या दांडीच्या वेल्डला केसाएवढी भेग आहे, नख अडकतं. सहावा, म्हणजे कापलेला: दोन पाय खणखणले, तिसरा मडकं वाजवल्यासारखा. बुडापासून वीतभर वर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, जोर लावायच्या आत घुसला. तुकडा उलटा केला तर तपकिरी पाणी आणि पोपडे ओंजळभर बाहेर पडले. बाहेरून तो पाय सगळ्यात स्वच्छ होता.

तारेचं दुमडलेलं टोक आवळणाऱ्या क्लिपाही पाहिल्या. अर्ध्या सुलट, अर्ध्या उलट.

स्फटिका
आधी एक ग्लास पाणी प्या. वेळेत कळलं.

कप्पीदोर
क्लिपांचं लक्षात ठेवा: भार घेणाऱ्या तारेवर खोगिराची बाजू, उरलेल्या शेपटावर यू बोल्ट. उलट लावली की यू बोल्ट भाराची तारच चेचतो. जुन्या क्लिपा, जुनी तार दोन्ही बाजूला ठेवा. टर्नबकल ताणून झाला की त्यातून तार ओवून बांधा, कंपनाने तो आपोआप उलगडतो.

पाचवा तुकडा जागच्या जागी वेल्ड करायचा मोह होईल. नको. जस्त जाळल्याचा धूर छातीत जातो आणि जळलेल्या जागी गंज पहिला येतो.

पाणसळ
हिशोब सांगू? चार तुकडे म्हणजे १२ मीटर. त्याला अँकर साडेनऊ-दहा मीटरवर. तुमच्या भिंतीच्या बाजूला तेवढीच जागा आहे.

अँटेनावाला
१२ मीटर म्हणजे फारच बुटका. १४ मेगाहर्ट्झला काय उपयोग?

पाणसळ
सपाट जमिनीवर १२ मीटरला अँटेनाचा मुख्य झोत क्षितिजापासून साधारण २६ अंशांवर निघेल (कोन जितका कमी, तितकं लांबवर पोचतं), १८ ला १७ अंशांवर निघाला असता. फरक आहे, नाकारत नाही. पण २८ मेगाहर्ट्झवर हेच १२ मीटर एका तरंगलांबीहून उंच आहेत, तिथे झोत तेरा अंशांच्या आत येतो. त्या बँडवर तुम्ही खूश असाल.

कप्पीदोर
चौथ्याच्या बुडाला तळपट्टी आणि मधली खुंटी घ्या. खुंटीवरचा टॉवर स्वतः उभा राहत नाही, त्यामुळे पहिल्या तुकड्यापासून दोर हवेत. पण पाय काँक्रीटच्या बाहेर राहतात, पाणी वाहून जातं. तणावे दोन पातळ्यांवर, एक साधारण मध्यावर, दुसरी शेंड्याच्या जरा खाली. शनिवारी फक्त पाया आणि तिन्ही अँकर भरा. मित्रांना कामच काम आहे.

अँटेनावाला
मित्रांना कळवलंय, हार्नेस नको, फावडी आणा. त्यातला एक म्हणाला, बरं झालं, मला उंचीची भीतीच वाटते. हे त्याने आत्ता सांगितलं!! चढणार तोच होता.

खरखर
तो कुजलेला तुकडा टाकणार असाल तर मी नेतो. अंगणात वेल चढवायला हवाय.

अँटेनावाला
न्या. तणावा लागणार नाही त्याला.

लंबकर्ण
वेळ नसल्याने वरचे प्रतिसाद वाचलेले नाहीत. पण मुळात टॉवरची उंची किती आहे? आणि गच्चीवर लावणार की जमिनीत? ते कळलं तर ताण सांगतो.