घरून दिलेल्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर रद्द केलाय, अपील कसं करायचं?

खटपट्या_नाशिक
नमस्कार मंडळी, जाम टेन्शनमध्ये आहे म्हणून विचारतोय. अमेरिकेत एमएससाठी लागणारी प्रवेश परीक्षा घरून दिली, नाव लिहीत नाही कारण प्रकरण चालू आहे, पण कॅमेऱ्यावरून प्रॉक्टर (पर्यवेक्षक) बघत बसतो त्यातलीच एक. नियम सगळे पाळले होते, खोलीत एकटा, दार कॅमेऱ्यात दिसेल असं, कागद नाही फक्त छोटा व्हाइटबोर्ड, कानात काही नाही, सुरुवातीला आरसा धरून स्वतःची स्क्रीनपण दाखवली. मधेच लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला पण राउटर इन्व्हर्टरवर नाही त्यामुळे नेट तुटलं. थोड्या वेळात लाईट आली, परत जोडलं, प्रॉक्टरने खोली पुन्हा फिरवून दाखवायला लावली आणि पेपर पुढे चालू. स्कोअर आला, चांगला आला. आणि मग काही दिवसांनी मेल, की नियमभंगामुळे स्कोअर रद्द, फी परत नाही, अपील एकदाच आणि तेही मुदतीत. कुठला नियम, कितव्या मिनिटाला, काही नाही. चॅटवर विचारलं की तेच वाक्य परत चिकटवतात. बाबा म्हणतात ग्राहक मंचात खेचू, मामा म्हणतो सोड, परत दे. अपीलात नक्की लिहायचं काय? आणि युनिव्हर्सिटीला सांगायचं का? १५ डिसेंबरची डेडलाइन आहे.

लॉगवाला
आधी एक करा, त्या लॅपटॉपला हात लावू नका. म्हणजे फॉरमॅट नाही, क्लीनर नाही, काही अनइन्स्टॉल नाही. विंडोज असेल तर इव्हेंट व्ह्यूअर (लॅपटॉपच्या नोंदी दाखवणारं ॲप) उघडा, सिस्टिम लॉगमध्ये कर्नल-पॉवरची १०५ नंबरची नोंद शोधा, चार्जरवरून बॅटरीवर गेला की ती पडते. मग वायफायचा लॉग, डब्ल्यूलॅन-ऑटोकॉन्फिग, त्यात ८००३ म्हणजे तुटलं आणि ८००१ म्हणजे जोडलं. या दोन्ही वेळा एकमेकींना लागून आल्या तर लाईट गेल्यामुळेच नेट गेलं हे तुम्ही न सांगता दिसतं. लॉग इव्हीटीएक्स फाईल म्हणून सेव्ह करा, नुसते स्क्रीनशॉट नकोत. महावितरणकडे तक्रार नोंदवली असेल किंवा त्यांचा एसएमएस आला असेल तर तोही जोडा, आणि प्रॉक्टरशी झालेलं चॅट कॉपी केलं असेल तर फारच उत्तम. सगळ्या वेळा भारतीय वेळेत आणि यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दोन्ही लिहा, तिकडे बघणारा साडेपाच तासांचा हिशोब करत बसणार नाही.

पण खरं सांगू का, नुसतं नेट तुटलं म्हणून स्कोअर रद्द करतील असं मला वाटत नाही, तसं असतं तर पेपर पुढे चालूच दिला नसता. दुसरं काहीतरी दिसलंय त्यांना. लॅपटॉप कुणाचा? त्यात एनीडेस्क, टीमव्ह्यूअर असलं, दुसऱ्याला लांबून लॅपटॉप चालवू देणारं काही आहे का?

सातारकर_काकू
माझ्या पुतणीच्या वेळी तर खाली भाजीवाला ओरडत होता आणि हिला विचारलं खोलीत कोण आहे म्हणून 😂 सुटली बिचारी. तुम्ही घाबरू नका, शांत डोक्याने लिहा.

कोर्टकचेरी
वकील आहे पण हा सल्ला फुकटचा आहे, तसाच घ्या. ग्राहक मंचाचं डोक्यातून काढा, निदान आत्ता तरी. २००९मध्ये बिहार बोर्डाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की परीक्षा घेणारं बोर्ड सेवा पुरवत नाही आणि परीक्षा देणारा ग्राहक नाही. ते सरकारी बोर्ड होतं, ही खासगी संस्था आहे, तेव्हा वाद घालायला जागा आहे, नाही असं नाही. पण रजिस्टर करताना जे 'मान्य आहे' दाबलंत त्यात बहुतेक लवाद आणि तिकडचा कायदा असं काहीतरी असणार, ते काढून वाचा. आणि इथे तारखा पडत राहतील, तुमचं ॲडमिशनचं वर्ष त्यात जाईल. बाबांचा राग योग्य आहे, उपाय नाही.

अपील एका पानाचं. पहिल्या परिच्छेदात तुमचा नोंदणी क्रमांक आणि निर्णयाची तारीख, मग सरळ मागणी, की कोणत्या नियमाचा भंग, किती वाजता, आणि रेकॉर्डिंग माणसाने पाहिलं की सॉफ्टवेअरने आपोआप लावलेल्या संशयाच्या खुणेवरच ठरवलं, हे कळवा. मग घटनाक्रम, मग पुरावे. वडिलांनी कर्ज काढलंय, दोन वर्षं अभ्यास केलाय हे खरं असलं तरी लिहू नका, त्याने काही हलत नाही तिकडे. आणि मुख्य म्हणजे 'स्कोअर रद्द करायला माझी संमती आहे' अशा अर्थाचा कुठलाही पर्याय दिला असेल तर न वाचता टिक करू नका, काही संस्था तसं देतात.

डब्लिनचा_बंड्या
सॉफ्टवेअरच्या खुणेवरून आठवलं. २०२०च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात वकिलीची परीक्षा घरून घेतली तेव्हा तीन हजारांहून जास्त जणांच्या व्हिडिओवर संशयाची खूण पडली, म्हणजे जवळपास दर तिसरा माणूस, आणि नीट बघितल्यावर त्यातले बहुतेक सुटले. आणि अमेरिकेतल्याच डार्टमथ कॉलेजच्या मेडिकलचं तर अजून भारी, २०२१मध्ये १७ पोरांवर ऑनलाइन परीक्षेत कॉपीचा ठपका, पुरावा काय तर परीक्षेच्या वेळात कॅनव्हासवर (कॉलेजच्या अभ्यासाच्या वेबसाइटवर) कोर्सची पानं उघडल्याच्या नोंदी. आता कॅनव्हासचं पान बाजूला पडलेल्या फोनवरसुद्धा आपोआप रिफ्रेश होतं. शेवटी सगळे आरोप मागे घेतले, डीनने माफी मागितली. तेव्हा लॉगमध्ये आहे म्हणजे केलंच असं नसतं, पण हे तुम्हालाच दाखवावं लागतं, ते आपणहून शोधायला बसत नाहीत.

मी इथे युरोपात असल्यामुळे जीडीपीआरच्या (इथल्या डेटा-संरक्षण कायद्याच्या) कलम १५खाली आपला डेटा मागता येतो, एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं. नाशिकहून परीक्षा दिलीत तर तो हक्क सांगता येणं अवघड आहे, तरी रेकॉर्डिंग मागून बघाच, नाही म्हणाले तर नाही.

खटपट्या_नाशिक
@लॉगवाला अहो तुम्ही बरोबर पकडलंत. लॅपटॉप बाबांचा आहे, ते अकाउंट्सची कामं घेतात आणि टॅलीवाला मुलगा एनीडेस्कवरून येऊन दुरुस्ती करतो. मी परीक्षेआधी सगळ्या विंडो बंद केल्या होत्या, पण आत्ता टास्क मॅनेजरमध्ये बघतो तर एनीडेस्क सर्व्हिस म्हणून चालूच आहे, लॅपटॉप सुरू झाला की आपोआप. आता तर मी गेलोच ना?

लॉगवाला
गेलात कसले, उलट सापडलं. हे चालू होतं आणि नेट तुटून परत जोडलं, या दोन गोष्टी एकत्र बघून समोरच्याला वाटणारच की कुणीतरी बाहेरून आत शिरलं. आता अनइन्स्टॉल अजिबात करू नका. प्रोग्रामडेटा फोल्डरमध्ये (लपलेला असतो, आधी दाखवा करावा लागतो) एनीडेस्कच्या नावाचा फोल्डर आहे, त्यात कनेक्शन_ट्रेस नावाची टेक्स्ट फाईल. बाहेरून कोण कधी आलं ते ओळीओळीने त्यात असतं. वेळ कुठल्या झोनची आहे ते टॅलीवाल्याच्या एखाद्या ठाऊक असलेल्या भेटीशी ताडून बघा.

खटपट्या_नाशिक
सापडली!! शेवटची ओळ परीक्षेच्या बऱ्याच आधीची, जीएसटी रिटर्नच्या वेळची, त्यानंतर काहीच नाही.

कोर्टकचेरी
मग अपीलात हे तुम्हीच आधी सांगा. लपवलं आणि त्यांनीच काढलं तर पुढचं काही वाचणार नाहीत. 'हे सॉफ्टवेअर वडिलांच्या कामासाठी बसवलेलं आहे, परीक्षेच्या वेळी कुणीही जोडलेलं नव्हतं, ही नोंद' एवढंच. टॅलीवाल्याकडून त्याच्या लेटरहेडवर दोन ओळी घ्या.

पुणे३८
अपीलावर विसंबून मात्र बसू नका. टेस्ट सेंटरची तारीख आजच घ्या, घरून परत देऊ नका. दोन प्रयत्नांमध्ये किती दिवस लागतात ते तुमच्या परीक्षेचं बघा, जीआरईला २१ आहेत, जीमॅटला १६. आणि तुमच्यावर परत बसायची बंदी घातलेली नाही ना तेही त्या मेलमध्ये तपासा. युनिव्हर्सिटीचं म्हणाल तर, स्कोअर आधीच पाठवला असेल तर रद्द झाल्याचंही त्यांना कळतं, तेव्हा तुम्हीच तीन ओळींचा मेल टाका, अपील केलंय, अमुक तारखेला पुन्हा देतोय, डेडलाइननंतर आलेला स्कोअर घ्याल का. कोविडनंतर बऱ्याच विभागांनी स्कोअर ऐच्छिक केलाय, तुमच्या यादीतले किती तसे आहेत तेही बघा.

खटपट्या_नाशिक
पाठवलाय एकाच ठिकाणी, त्यांना आज रात्री लिहितो. बंदीचं काही नाहीये मेलमध्ये. सेंटर नाशिकला मिळत नाहीये, मुंबईची तारीख दिसतेय, तीच घेतो. @लॉगवाला ती टेक्स्ट फाईल पीडीएफ करून जोडू का?

लॉगवाला
मूळ फाईल जशीच्या तशी जोडा, पीडीएफ वाचायला सोबत द्या. मूळ फाईलमध्ये मात्र काही बदलू नका. त्यांच्या फॉर्ममध्ये टेक्स्ट फाईल चढत नसेल तर झिप करून बघा.