लिमिट ठेवून खेळलं तर चालतं ना? की मी हाताबाहेर गेलोय?

सातपूरकर_९२
नमस्कार मंडळी. वय ३३, नाशिकला एमआयडीसीत नोकरी, हातात ३८ हजार येतात. लॉकडाऊनमध्ये रमी सुरू झाली, टाइमपास म्हणून, ५०-१०० रुपयांची टेबलं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि ॲपवर पैसे लावायचं बंद झालं तेव्हा खरं सांगतो आतून बरं वाटलं, म्हटलं चला सुटलो. दोन महिने काहीच नाही. मग कंपनीतल्या एकाने क्रिकेटवर सट्टा लावायची आयडी काढून दिली, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकायचा, दरवेळी वेगळ्याच कुणाच्या तरी खात्यावर युपीआय करायचं की पॉइंट जमा. आता अशी अवस्था आहे की ज्या टीमचे दोन प्लेअर पण माहीत नाहीत त्यांच्या मॅचचं सेशन (म्हणजे ठरावीक ओव्हरमध्ये किती रन होतील ते) पण लावतो, रात्री दोन वाजता बाथरूममध्ये बसून. दीड लाख कर्ज झालंय. बायकोला माहीत नाही. दारू नाही, तंबाखू नाही, कामावर एक खाडा नाही. विचारायचं एवढंच की महिन्याला दोन हजारांची लिमिट ठेवून खेळलो तर चालेल ना? दीड लाख तेवढे रिकव्हर झाले की सोडणारच आहे.

कटिंग_चाय
भावा लिमिट ठेवणारे लोक असतात, मी त्यातलाच. दोन-तीन वर्षांतून एकदा गोव्याला मित्रांबरोबर मांडवीतल्या बोटीवर कॅसिनोत जातो, खिशात पाच हजार रोख, कार्ड हॉटेलच्या रूमवर. पाच हजार संपले की जेवायचं, गाणी ऐकायची, झोपायचं. ते पैसे सिनेमाच्या तिकिटासारखे, परत येणार नाहीत हे धरूनच गेलेलो असतो. तुझं "रिकव्हर झाले की सोडणार" हे वाचलं आणि कळलं की तुझा खेळ वेगळा आहे. गेलेले पैसे परत आणायला जो खेळतो त्याची लिमिट कसली रे, त्याला दीड लाख हवेत ना, दोन हजारात कसे येणार?

पाव_मिसळ
मला पण आयडी दे रे 😂

कटिंग_चाय
@पाव_मिसळ इथे नको यार.

सोलापूरची_लेक
दादा, माझे वडील मटका खेळायचे. ओपन क्लोज, म्हणजे मटक्याचे पहिला नि शेवटचा आकडा, हेच ऐकत मोठी झालेय मी. कल्याणचा आकडा लागला की घरात भजी, नाही लागला की कुणी मोठ्याने बोलायचं नाही. शाळेत गणित कळायला लागलं तेव्हा मी त्यांना वहीत मांडून दाखवलं होतं, सिंगलला दहा आकडे असतात आणि भाव मिळतो एकाला नऊ, जोड्या शंभर आणि भाव नव्वदच्या आसपास, म्हणजे सगळेच्या सगळे आकडे जरी लावले तरी दहातला एक रुपया बुकीचाच. वडील म्हणाले हो बरोबर आहे पोरी, आणि संध्याकाळी परत गेले. त्यांना गणित येत नव्हतं असं नाही हो, ते पोस्टात होते, हिशेब तोंडपाठ. म्हणून तुम्हाला कुणी "बुकीच जिंकतो" वगैरे समजवत बसलं तर त्याचा उपयोग नाही, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.
एकच सांगते. आजोबांनी दोनदा शेत विकून त्यांचं देणं फेडलं आणि दोन्ही वेळा वर्षाच्या आत पुन्हा तेवढंच झालं. कर्ज फिटलं की माणूस मोकळा होतो, पुन्हा खेळायला मोकळा. तेव्हा कुणाकडून एकरकमी मागू नका, आणि घरच्यांनी देऊ पण नये.

ठाणे_स्लो_लोकल
मी दोन वर्षं चार महिने बंद आहे. माझं शेअर मार्केटचं ऑप्शन्स होतं, लोक त्याला जुगार म्हणत नाहीत म्हणून मी पण म्हणत नव्हतो.
डॉक्टरांनी पहिल्या दिवशी मला दोनच प्रश्न विचारले होते. लावलेल्या पैशांबद्दल जवळच्या माणसाशी कधी खोटं बोललात का, आणि पूर्वीपेक्षा जास्त जास्त रक्कम लावावीशी वाटते का. एकाला जरी हो आलं तरी पुढे तपासून घ्यावं म्हणतात. तुझं पहिल्याचं उत्तर तूच वर लिहिलंयस. बाकी हे दारूसारखं तोंडाला वास येत नाही, पाय लटपटत नाहीत, त्यामुळे कामावर खाडा नाही याला काही अर्थ नाही, मी तर प्रमोशन घेतलं होतं त्या काळात. आणि हा आजार आहे बरं का, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आहे, इच्छाशक्ती कमी वगैरे काही नाही.
काय कर, १४४१६ ला फोन लाव. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. रात्री दोनला बाथरूममधून बुकीला मेसेज टाकतोस ना तर त्याच वेळी यांना लाव. आणि डोक्यात जिवाचं बरंवाईट करायचं येत असेल तर वाट बघू नको, आत्ताच लाव. मग सिव्हिलला नाहीतर मेडिकल कॉलेजला मानसोपचारची ओपीडी असते तिथे जा. काहींना गोळ्या देतात, माझं तर मुख्य काम समुपदेशनानेच झालं. गॅम्बलर्स अनॉनिमस म्हणून जुगार सोडू बघणाऱ्यांचा गट आहे, त्यांच्या मीटिंगा असतात, ऑनलाइन पण, पैसे लागत नाहीत. तिथे एक वीस प्रश्नांचा कागद आहे, जुगाराचं व्यसन असलेल्या बहुतेकांना निदान सात हो येतात म्हणतात. मला सतरा आले होते.
आजच्या आज करायचं म्हणजे आयडीवाल्याला ब्लॉक, लोन ॲप डिलीट (हप्ते चालू ठेव, फक्त नवीन उचलू नको), बँकेत जाऊन युपीआयची रोजची मर्यादा खाली आण, आणि पगाराचं खातं बायकोच्या हातात. शेवटचं सगळ्यात जड जातं. माझ्या खिशात सहा महिने रोजचे दोनशे रुपये असायचे, रिक्षाला कमी पडले तर चालत यायचो.

सोलापूरची_लेक
आणि वहिनींना सांगताना पूर्ण आकडा सांगा. आईला दरवेळी नवीन आकडा कळायचा, पैशांपेक्षा त्यानेच ती खचली.

सातपूरकर_९२
सगळ्यांचे आभार. काल रात्री १४४१६ ला लावला, पंचवीस मिनिटं बोललो, बाई शांतपणे ऐकत होत्या, मीच रडलो. गुरुवारी सिव्हिलला जातोय. बायकोला सकाळी सांगितलं. ती काहीच बोलली नाही, डबा भरून दिला.

ठाणे_स्लो_लोकल
मस्त. आकडा कितीचा सांगितलास?

सातपूरकर_९२
दीड लाखाचा.
ती फक्त लोन ॲपची बेरीज आहे. क्रेडिट कार्डचे ६२ हजार वेगळे, आणि मेव्हण्याकडून गाडीच्या नावाने घेतलेले ४० आहेत. इथे पण दीडच लिहिलं होतं, लिहिताना मला स्वतःला ते खरंच वाटत होतं. संध्याकाळी घरी जाऊन सांगतो.

ठाणे_स्लो_लोकल
कागदावर लिहून ने. तोंडी सांगताना जीभ कमी करते.