धुळीने माखलेला फिल्टर जागेवर पुसावा की तसाच राहू द्यावा?

काळीकसदार (यवतमाळ)

माझं मत सरळ आहे. शेतात, पांदणीत, जंगलात कॅमेऱ्याच्या लेन्सपुढे लावलेल्या काचेच्या फिल्टरवर धूळ बसली तर तिथल्या तिथे कापड फिरवायचं नाही. इकडे उलटच चालतं. खळ्यावर सोयाबीन निघत असतं, हडंब्यातून (मळणीयंत्रातून) कुटार उडत असतं, आणि फोटो काढणारा गळ्यातल्या दुपट्ट्याचं टोक धरून फिल्टरवर हाऽ करतो, दोनदा गोल फिरवतो आणि पुढच्या फोटोला लागतो. दुपट्टा मऊ असतो, कबूल. पण चरा दुपट्ट्याने पडत नाही, दुपट्ट्याखाली सापडलेल्या कणाने पडतो.

गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्‌झच्या कणाचा कठीणपणा मोहसच्या मोजपट्टीवर ७ आहे. काच साडेपाच-सहाच्या आसपास. काळी माती चिमटीत मऊ लागते म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण रस्त्यावरची धूळ नुसती काळी माती नसते. तिच्यात मुरूम असतो, गिट्टीची भुकटी असते, आणि भंडारा-गोंदियाकडे तर वैनगंगेची रेतीच. शिवाय फिल्टरच्या काचेवर उजेड परत फिरू नये म्हणून जे कोटिंग असतं त्याच्या एका थराची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. त्यावर रेती घासली तर काय उरणार?

खात्री करायची असेल तर आपला जुना फिल्टर काढा आणि ट्यूबलाइटखाली तिरपा धरा. समोरून स्वच्छ दिसणाऱ्या काचेवर बारीक गोल गोल रेघा दिसतील, हात जसा फिरला तशाच. सूर्य समोर घेऊन फोटो काढला की याच रेघा उजेड पसरवतात आणि सगळा फोटो पांढुरका होतो.

धूळ मात्र फोटोत सहसा दिसत नाही. ती फोकसच्या इतकी बाहेर असते की चार कण असले काय नि नसले काय. अपवाद एकच, वाइड लेन्स, एफ १६ (म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी लहान) आणि समोर ऊन. एरवी धूळ घेऊनच काम करा. घरी आलात की फिल्टरचं तोंड खाली करून ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा) मारा, मग मऊ ब्रश, पुन्हा ब्लोअर. तरी डाग राहिलाच तर स्वच्छ मायक्रोफायबरवर लेन्स क्लीनरचा एक थेंब टाका (कापडावर, काचेवर नव्हे) आणि न दाबता पुसा. कोरडं तर कधीच घासू नका. आपल्याकडच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत कोरडं कापड फिरवलं की काचेवर स्थिर वीज तयार होते आणि उडालेली धूळ परत येऊन चिकटते.

लगीनसराई (दिग्रस)

भाऊ, तुमचं शेतातलं बरोबर हाय, पन लग्नात हे चालत नाही. हळदीचा कार्यक्रम सुरू हाय, नवरदेवाच्या बहिणी वाट्या घेऊन मांडवभर पळून रायल्या, अन् एक बोट येऊन सरळ फिल्टरवर बसते. तेलात कालवलेली हळद. ते धूळ नाही का फोकसच्या बाहेर राहीन. अर्धा फोटो पिवळा धुकट येते. तवा मी काय सांगू नवरदेवाले, थांबा जी, घरी जाऊन ब्लोअर मारून येतो?

मी तर जागेवरच पुसतो. खिशात लेन्स पेन असते, म्हंजे काच पुसाची पेनासारखी दांडी, त्याचा कार्बनची भुकटी लावलेला मऊ भाग फिरवला की झालं. फिल्टर हाय कशासाठी? लेन्सच्या जागी त्यानं मार खावा म्हून. दोन-तीनशाचा फिल्टर, दर सीझनले बदलतो. गिऱ्हाइकाचा क्षण गेला तर तो दुसरा भेटत नाही.

धानपट्टा (साकोली)

दोघंही गरजेपेक्षा जास्त घाबरून आहेत असं मला वाटतं. मी यूव्ही फिल्टर (साध्या पारदर्शक काचेचा) लेन्सवरून काढतो, नळाच्या बारीक धारेखाली धरतो, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटाच्या टोकावर घेऊन दोन्ही बाजूंनी हलका फिरवतो, पुन्हा धार, आणि झटकून उभा ठेवतो. कापड लागतच नाही. रेती पाण्याबरोबर निघून जाते, घासली जात नाही. कापडाने पुसून पुसून जे होतं त्याच्या दहा पट हे सुरक्षित आहे. काच पाण्याने धुतल्याने खराब होते असं कोण म्हणतं?

पूर्णाकाठ (दर्यापूर)

साकोलीच्या दादा, तुमचं पाणी गोड आहे म्हणून तुम्ही असं म्हणू शकता. आमच्याकडे या, खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यात विहिरीचं आणि बोअरचं पाणी खारट आहे. घागर वाळली तरी आत पांढरा थर दिसतो. त्या पाण्याने धुतलेला फिल्टर वाळला की काचेवर क्षाराचे गोल डाग राहतात, आणि ते काढायला माणूस परत कापड उचलतो. म्हणजे जे टाळायचं तेच करतो.

पद्धत चांगली आहे, पण शेवटची धार डिस्टिल्ड पाण्याची हवी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचं पाणी मिळतं ते चालतं. दुकानात नीट सांगून घ्यावं, कारण बाजूलाच बॅटरीचं ॲसिडही असतं आणि कॅन सारखेच दिसतात.

दुसरी गोष्ट, ही अंघोळ फक्त यूव्हीच्या एका काचेला. पोलरायझरला, म्हणजे चमक मारणाऱ्या फिल्टरला, अजिबात नाही. त्यात दोन काचांच्या मध्ये पोलरायझिंग फिल्म असते आणि कडेच्या फटीतून पाणी आत शिरलं की थर सुटू लागतात. मी पाणपक्षी काढते, पाण्यावरची चमक मारायला पोलरायझर सारखा लागतो, त्यामुळे तो मी कधीही ओला करत नाही. ब्लोअर, आणि फार तर किंचित दमट कापड.

मोहर्लीगेट (चंद्रपूर)

मूळ प्रश्नच चुकीचा आहे. फिल्टर लावताच कशाला? सफारीत लोक दीडशे-सहाशे मिमीच्या, लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर ९५ मिमीचा स्वस्त फिल्टर लावून येतात आणि वाघाच्या मिशा मऊ आल्या म्हणून लेन्सला दोष देतात. कोटिंग नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, दोन बाजूंचे मिळून ८. चांगल्या मल्टिकोटेड (कोटिंगचे अनेक थर असलेल्या) फिल्टरवर हे खूप कमी होतं, पण तसा फिल्टर दोन-तीनशात मिळत नाही. लग्नवाल्या भाऊंना विचारा, मांडवातल्या बल्बचे उलटे ठिपके फोटोत कुठून येतात.

हूड, म्हणजे लेन्सपुढचं नळकांडं, लावा. लांब हूड असला की बोट लागत नाही, फांदी लागत नाही, जिप्सीमागची धूळही बरीच अडते. लेन्सची पुढची काच फिल्टरपेक्षा कितीतरी जाड असते. आणि फिल्टर फुटला तर त्याचेच तुकडे लेन्सवर घासतात, तेव्हा कसलं संरक्षण?

काळीकसदार

मोहर्ली, जंगलातल्या टेलिफोटोपुरतं तुमचं मान्य. तिथे मीही फिल्टर लावणार नाही. पण चंद्रपूर-घुग्घुस-वणी पट्ट्यात कोळशाच्या ट्रकमागे उभं राहून फोटो काढणाऱ्याला, किंवा हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये सरकी-रुईच्या तंतूंत काम करणाऱ्याला हूड पुरत नाही. हूडच्या आत धूळ साचते आणि मग ती थेट लेन्सवरून काढावी लागते. काही वेदरसील (पाणी-धूळ आत न शिरू देणाऱ्या) लेन्सना तर पुढे फिल्टर लावल्याशिवाय सील पूर्ण होत नाही, असं बनवणारेच सांगतात. घासायची वेळ आली तर ती बदलता येणाऱ्या काचेवर यावी, एवढंच माझं म्हणणं.

लगीनसराई भाऊ, तुमच्याशी मात्र माझं जुळत नाही. फिल्टर स्वस्त आहे म्हणून घासा, हे पटत नाही. दर सीझनला फिल्टर बदलता, पण बदलायच्या आधीच्या दोन महिन्यांतली लग्नं चरे पडलेल्या काचेतून निघतात. त्या घरच्यांसाठी तेच एक लग्न असतं. आणि पेन उत्तम वस्तू आहे, पण त्याच्या टोकात एकदा रेतीचा कण अडकला की पुढच्या प्रत्येक पुसण्याला तोच कण फिरतो. दुपट्टा निदान धुता येतो, पेनचं टोक धुता येत नाही.

लगीनसराई (दिग्रस)

बरं, मग हळदीचं सांगा. धानपट्टावाल्या दादांचं ऐकून साबन लावला तर डाग पिवळ्याचा लाल होते. आमच्या घरी धुनं धुताना रोज पायतो.

पूर्णाकाठ (दर्यापूर)

लाल होणारच. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं आणि साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून नुसतं पाणी मारूनही उपयोग नाही. ते अल्कोहोलमध्ये विरघळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली खिशात ठेवा. टिश्यूचा कोपरा ओला करा, डागाच्या बाहेरून आत, एका दिशेने, आणि प्रत्येक वेळी कोरा कोपरा. तेलही त्यातच सुटतं. हातावरचं सॅनिटायझर वापरू नका, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं आणि काचेवर चिकट थर राहतो. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोनही नको, रिंगचा रंग आणि प्लास्टिक खातं.

एका बाबतीत मी लगीनसराई भाऊंच्या बाजूने आहे. बोटाचा तेलकट डाग घरी जाईपर्यंत ठेवला तरी चालेल, पण पिशवीत तसाच पावसाळाभर पडू देऊ नये. ओल आणि तेल मिळालं की बुरशी धरते, आणि बुरशीने खाल्लेलं कोटिंग कशानेही परत येत नाही. काळीकसदारांनी 'तसाच राहू द्या' म्हटलंय ते धुळीपुरतं वाचावं.

धानपट्टा (साकोली)

ताई, डिस्टिल्ड पाण्याचं पटलं, पोलरायझरचंही. पण पहिल्या धारेला साधं पाणी चालतं यावर मी ठाम आहे. ब्लोअरने सुटी धूळ उडते, पण चिखलाचा वाळलेला शिंतोडा उडत नाही. रोवणीचे फोटो काढताना बांध्यातल्या चिखलाचे थेंब उडतात आणि तासाभरात कडक होतात. त्यावर ब्रश चालवणं हेच खरं घासणं. तो आधी भिजवावाच लागतो.

काळीकसदार

वाळलेल्या चिखलाला भिजवणं, हे मान्य. माझ्या क्रमात ते नव्हतं. पण तुम्ही बोट फिरवता तो भाग मला अजून खटकतो. आधी पाच मिनिटं पाण्यात नुसता पडू द्या, वाटीच्या तळाशी मऊ कापड टाकून, म्हणजे खालची बाजू घासणार नाही. चिखल स्वतःहून सुटल्यावरच बोट.

लगीनसराई भाऊ, लग्नासाठी माझा तोडगा असा. त्याच मापाचे दोन फिल्टर ठेवा, दोन्ही मल्टिकोटेड. हळदीचं बोट लागलं की काढा, डबीत टाका, दुसरा लावा. फिल्टर फिरवून काढायला पुसण्याइतकाच वेळ लागतो. घामट हाताने रिंग घट्ट बसली असेल तर भोवती रुंद रबरबँड गुंडाळा, पकड येते. फक्त दोन्ही बाजूंनी दाबू नका, रिंग लंबगोल होते आणि आणखी अडकते.

लगीनसराई (दिग्रस)

दोन फिल्टरचं जमते. अल्कोहोलची बाटली मेडिकलवाल्याले सांगून ठेवतो. पन एक सांगतो, वरात निघाली, गुलाल उडून रायला, अन् दुसराही फिल्टर भरला, तवा मी पेनच काढीन. आधी फुंकर मारीन, तेवढं तुमचं ऐकतो.

काळीकसदार

फुंकर तोंडाने नको, थुंकीचे थेंब उडतात आणि गुलाल त्यातच कालवतो. रबरी ब्लोअर मुठीत मावतो, पट्ट्याला बांधून ठेवा.

मोहर्लीगेट (चंद्रपूर)

वरातीत हूड लावून बघा एकदा. मग बोलू.