मदत हवी आहे: कॅथलिक शाळेत समाजकार्यकर्ती आहे, मुलांनी सांगितलेलं सिस्टरांना किती सांगायचं?

नमस्कार मंडळी,

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्यावर ही माझी दुसरी नोकरी. शाळा सिस्टर चालवतात. मुलं तेराशेच्या वर आणि समाजकार्यकर्ती मी एकटी. (अडीचशे मुलांमागे एक असावा, असं अमेरिकेतल्या समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये सुचवलं होतं. ते वाचून मला हसू आलं.)

मला दिलेली खोली आधी अडगळीची होती. नाताळच्या गोठ्यातल्या मूर्ती अजून तिथल्याच कपाटावर असतात. त्यातल्या एका मेंढपाळाचा हात तुटलाय. खाली मान घालून आलेली मुलं पहिलं वाक्य बोलतात ते त्याच्यावरूनच: "मिस, याचा हात कुठंय?"

आता मुद्दा. आठवीतल्या एका मुलीला वर्गशिक्षिकेने चिठ्ठी देऊन पाठवलं: "दर सोमवारी गैरहजर. समज द्यावी." दोन वेळा ती नुसती टेबलावरची चिकटपट्टी नखाने खरवडत बसली. तिसऱ्या वेळी बोलली. वडील घर सोडून गेलेत. आई रविवारी रात्रपाळी करते, सोमवारी दुपारपर्यंत झोपते आणि धाकट्या भावाला ही सांभाळते. फी-सवलतीच्या अर्जावर मात्र "वडील कामानिमित्त बाहेरगावी" असं लिहिलंय. "सिस्टरांना सांगू नका. चर्चमध्ये सगळ्यांना कळेल."

त्याच दिवशी शाळा सुटताना सिस्टरांनी विचारलं, "काय म्हणाली ती?" मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. तेव्हापासून दर शनिवारी माझी नोंदवही त्यांच्या टेबलावर ठेवायची, असा नियम झालाय. सिस्टर वाईट नाहीत, हे मुद्दाम सांगते. कितीतरी मुलांचा खर्च त्या गाजावाजा न करता उचलतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की शाळा हे कुटुंब आहे, कुटुंबात लपवायचं काय?

आणखी एक घोळ मी स्वतःच घातला. आमच्याकडे फादर महिन्यातून एकदा मुलांचं कन्फेशन (पापांची कबुली, जी फादर कुणालाही सांगत नाहीत) घ्यायला येतात. त्यानंतर एका पाचवीतल्या मुलाने विचारलं, "तुम्हीपण फादरसारखं कुणालाच सांगत नाही ना?" आणि मी "नाही रे" म्हणून बसले. घरी गेल्यावर पोटात गोळा आला. उद्या त्याने मारहाणीचं काही सांगितलं तर?

मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्यामुळे सिस्टरांशी या विषयावर कुठल्या शब्दांत बोलावं तेच कळत नाही. अशा शाळेत काम केलेलं कुणी आहे का इथे?

जुनी हजेरी:

ताई, एकोणीस वर्षं हेच केलंय, म्हणून थोडं हक्काने लिहिते.

आधी तो पाचवीतला मुलगा. उद्याच त्याला गाठा आणि सांगा, "परवा मी तुला चुकीचं सांगितलं." मुलांना मोठ्यांची चूक कबूल केलेली फार आवडते. मग सरळ सांगा: तू सांगितलेलं मी गावभर करणार नाही, पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होत असेल, होणार असेल, तर ज्यांनी मदत करायला हवी त्यांना सांगावंच लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला कळवेन. हे वाक्य प्रत्येक मुलाला पहिल्याच भेटीत, पहिल्या पाच मिनिटांत. तिसऱ्या भेटीत सांगितलं तर ती फसवणूक वाटते.

नोंदवही मात्र टेबलावर जाता कामा नये. शाळेला देण्याची नोंद वेगळी करा: तारीख, वर्ग, किती वेळ, विषय ढोबळपणे (हजेरी, अभ्यास, घरची परिस्थिती), पुढे काय करणार. मुलाचे शब्द दुसऱ्या वहीत, कुलपात. आणि त्या दुसऱ्या वहीतही अंदाज आणि शेरे लिहू नका, कारण कधी ना कधी ती कुणीतरी वाचतंच.

आठवीच्या मुलीचं: तिलाच विचारा, यातलं किती सांगितलेलं चालेल? बहुधा ती म्हणेल, भावाचं सांगा, बाबांचं नको. मग शाळेला एवढंच कळायला हवं की सोमवारच्या गैरहजेरीला खरं कारण आहे, तुम्ही खात्री केली आहे आणि तोवर वर्गात तिला टोचून बोलू नये. फी-सवलतीचं सिस्टरांना नाव न घेता विचारा: "एकट्या पालकाच्या सहीवर अर्ज चालतो का?" चालत असेल तर आईला तसं कळवा. ते खोटं आईचं आईनेच दुरुस्त करावं, त्यात मुलीला मध्ये घालू नका.

आणि घरी जा. ऑफिसात बोलावलेली आई वेगळी आणि स्वतःच्या दारात उभी असलेली आई वेगळी. आपला पेशा शाळेत आला तोच दारोदार फिरून. १९०६-०७ च्या सुमारास न्यूयॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्डमध्ये 'भेट देणारे शिक्षक' नेमले गेले. मुलं शाळेत का येत नाहीत हे घरी जाऊन बघायचं, घर आणि शाळेचा दुवा जोडायचा, हेच त्यांचं काम. खोली नंतर मिळाली आपल्याला!

अर्धवट फादर:

सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत, पाच वर्षं काढून बाहेर पडलोय, म्हणून हे नाव. सिस्टरांशी कुठल्या शब्दांत बोलायचं, तेवढं मी सांगू शकतो.

त्यांना गोपनीयतेचे पाश्चात्त्य सिद्धांत वगैरे ऐकवू नका, त्यांच्याच घरातलं उदाहरण द्या. सेमिनरीत रेक्टर कारभार बघतात आणि आध्यात्मिक मार्गदर्शक वेगळे असतात. एखाद्याला दीक्षा द्यायची की काढून टाकायचं, हे ठरवताना त्या मार्गदर्शकाचं किंवा कन्फेशन ऐकणाऱ्याचं मत विचारायलाच मनाई आहे. १९८३ च्या कॅनन लॉचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, कलम २४०. सिस्टरांसाठी तर त्याहून जवळचं: कलम ६३० प्रमाणे वरिष्ठांनी हाताखालच्यांना मन उघडं करायला कसल्याही प्रकारे भाग पाडायचं नाही. स्वतः होऊन सांगितलं तर गोष्ट वेगळी. म्हणजे जो शिक्षा, सवलत, प्रवेश ठरवतो त्याने मनातलं ऐकणाऱ्याकडून माहिती काढू नये, हे चर्चला फार आधी कळलंय. सिस्टरांना एवढंच विचारा, "हेच आपण मुलांसाठी पाळू या का?"

पण तुम्ही कन्फेशनच्या खुर्चीत नाही, हेही तितकंच खरं. ते मौन फक्त धर्मगुरूचं आणि फक्त त्या संस्कारापुरतं. तुमच्या मौनाला मर्यादा आहे आणि असायलाच हवी. लैंगिक छळाचा विषय आला तर उलट सिस्टरांवरच बंधन येतं. पोप फ्रान्सिस यांच्या २०१९ च्या आदेशाप्रमाणे धर्मगुरूने किंवा व्रतस्थाने (सिस्टर, ब्रदर वगैरे) असं काही केल्याचं कळलं, तर इतर धर्मगुरू आणि व्रतस्थांनी ते ताबडतोब वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांना कळवायचं असतं. त्याने देशाचा कायदा मागे पडत नाही. पोलीस, बालसंरक्षण यंत्रणा यांना कळवणं आहेच. "शाळेचं नाव खराब होईल" हे वाक्य कुणी उच्चारलं, तर तिथे तुम्ही वाकू नका.

गंमत बघा, तुम्ही कॉलेजात बिस्टेक यांची समाजकार्याची सात तत्त्वं पाठ केली असतील: व्यक्तीचं वेगळेपण, स्वीकार, दोषारोप न करणं, स्वयंनिर्णय, गोपनीयता वगैरे. ते फेलिक्स बिस्टेक जेझुइट (कॅथलिक चर्चमधला एक संघ) फादर होते. १९५७ मध्ये त्यांनी ती मांडली. सिस्टरांना हे आवर्जून सांगा.

रोखठोक:

एवढं सगळं करून नोकरी गेली तर? आधी नेमणूकपत्र काढून बघा, नोंदी कुणाच्या मालकीच्या हे लिहिलंय का. लिहिलं नसेल तर लेखी धोरण मागा. तोंडी भांडण तुम्ही हरणार.

खडूवाली बाई:

मी शिक्षिका आहे, आमची बाजूही ऐका. आम्ही मूल तुमच्याकडे पाठवतो आणि ते विहिरीत दगड टाकल्यासारखं होतं. गुपित नको मला. "उद्या त्याला पहिल्या बाकावर बसवा", "आठवडाभर मोठ्याने वाचायला उभं करू नका", एवढं सांगितलंत तरी वर्गात फरक पडतो. हे मिळालं नाही की मग शिक्षक तुमच्या खोलीचा वापर धाक म्हणून करायला लागतात, "गप्प बस, नाहीतर मिसकडे पाठवीन." मीही केलंय, खोटं कशाला बोलू.

जुनी हजेरी:

खडूवाली बाई, अगदी मान्य. यावर माझा उपाय म्हणजे मधल्या सुट्टीत मैदानात उभं राहायचं. मुलांसाठी शाळा काढणारे इटलीतले फादर डॉन बॉस्को यांचा सगळा भर यावर होता, की मोठ्यांनी मुलांच्यात असावं, नुसतं चुकल्यावर पकडायला येऊ नये. त्यांनी १८७७ मध्ये मांडलेली प्रतिबंधक पद्धत ती हीच. मला मुलं आधी दोरीवरच्या उड्या मोजणारी बाई म्हणून ओळखायची. त्यामुळे खोलीत येणं म्हणजे शिक्षा, असं कधी झालं नाही.

मूळ प्रश्नकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

पाचवीतल्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मग मी दुसरंच काहीतरी सांगणार होतो ते सांगू?" आणि त्याने भावाचं पेन चोरल्याचं सांगितलं.

सिस्टरांकडे गेले. बिस्टेक जेझुइट होते म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "जेझुइट काय, सगळ्यालाच तत्त्व लावतात." पण कलम ६३० ऐकून गप्प झाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, नवशिकी असताना त्यांच्या वरिष्ठ सिस्टर येणारी-जाणारी सगळी पत्रं उघडून वाचायच्या. पुढे काही बोलल्या नाहीत. वही आता शनिवारी जात नाही, तारखा आणि विषयांचा एक कागद जातो. एकट्या पालकाची सही चालते, हेही त्याच वेळी कळलं. मी नाव घेतलं नाही, त्यांनी विचारलं नाही. त्यांनी ओळखलं असावं, असा मला दाट संशय आहे.

मुलीच्या घरी जाऊन आले. आईने दार अर्धंच उघडलं, अर्ध्या तासाने पूर्ण. धाकट्याला सोमवारी सकाळी सांभाळायला शेजारच्या आजी तयार आहेत, पण फक्त अकरापर्यंत. त्यामुळे या सोमवारी मुलगी पहिले तीन तास बसून गेली. वर्गशिक्षिकेने अर्धा दिवस लावला आणि काही विचारलं नाही.

उरलेल्या अर्ध्या दिवसाचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. कुणाकडे काही युक्ती असेल तर लिहा. धागा उघडाच ठेवतेय.