यंत्रमाग कारखान्यातील वीजबचत : आधी मोटारी बदलाव्यात की कपॅसिटर बसवावेत? मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार,

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टेरी टॉवेलचा २४ मागांचा कारखाना आहे. वडिलांनंतर तीन वर्षांपासून मी तो पाहतो. सुताच्या खालोखाल सगळ्यात मोठा खर्च विजेचा आहे आणि तो कमी करण्यासाठी आता हाती असलेली थोडी रक्कम कुठे घालावी, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

गेल्या वर्षी चोक असलेल्या जुन्या ३० ट्यूब काढून २० वॅटच्या एलईडी लावल्या. जुनी ट्यूब चोकसह साधारण ५२ वॅट घेत असे. शेड अंधारी असल्याने बारा तासांच्या पाळीत दिवे सतत चालू असतात, त्यामुळे महिन्याच्या पंचवीस दिवसांत सुमारे २९० युनिट वाचायला हवेत आणि तेवढे वाचलेही. मात्र एकूण बिलावर त्याचा परिणाम फारसा जाणवत नाही, कारण खरा भार एक अश्वशक्तीच्या २४ मोटारींचा आहे, हे मला उशिरा लक्षात आले.

यांतील बहुतेक मोटारी दोन-तीन वेळा रिवाइंड झालेल्या आहेत, म्हणजे आतील जळालेली तार काढून नवी गुंडाळलेली आहे. मागच्या आठवड्यात एका मोटारीवर साचलेला कापसाचा थर मी हाताने सोलून काढला, तेव्हा तो नमद्यासारखा अखंड निघाला आणि खालच्या पत्र्यावर तळहात क्षणभरही ठेवता आला नाही. आता सर्व मोटारी दर शनिवारी साफ करून घेतो. पण जुने वाइंडिंग काढताना स्टेटर (मोटारीचा न फिरणारा भाग) प्रमाणाबाहेर तापवला, तर आतल्या पत्र्यांचे इन्सुलेशन जाते आणि गाभ्यातील विजेचा ऱ्हास कायमचा वाढतो. आमच्या मोटारींचे तसे झाले असावे, अशी शंका आहे.

०.७५ किलोवॅटच्या चार पोलच्या मोटारीची कार्यक्षमता आयई-१ वर्गात ७२.१ टक्के, तर आयई-३ वर्गात ८२.५ टक्के धरतात (आयई म्हणजे मोटारींच्या कार्यक्षमतेचे आंतरराष्ट्रीय वर्ग). पूर्ण भारावर हा फरक मोटारीमागे सुमारे १३० वॅट होतो. मात्र माग मोटारीवर सतत पूर्ण भार टाकत नाही, त्यामुळे कागदावरची ही बचत प्रत्यक्षात किती उतरेल, याचा मला अंदाज येत नाही. ज्यांनी टॉवेलच्या मागावर अशा मोटारी बसवल्या आहेत, त्यांनी आपला अनुभव कृपया सांगावा.

दुसरी बाब रिकाम्या चालणाऱ्या मोटारींची आहे. एका दुपारी मी मोजले, तेव्हा सहा माग थांबलेले होते, पण सहाही मोटारी फिरत होत्या. आमच्या सर्वांत जुन्या विणकर काकांना विचारले, तर ते म्हणाले, "मालक, पाळीत पन्नास वेळा दोरा तुटतो. दर वेळी बटण दाबत बसलो तर माझी मजुरी कशी निघेल?" मजुरी नगावर असल्याने त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. शिवाय वारंवार सुरू केल्याने मोटारही तापते. म्हणून दोरा सांधताना मोटार चालू ठेवावी आणि बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) बदलताना किंवा आडव्या सुताच्या कांड्यांची वाट पाहताना बंद करावी, असे ठरवले आहे. साधारण किती मिनिटांपेक्षा जास्त खोळंबा असेल तर बंद करणे योग्य ठरते?

आमचे वायरमन मात्र सर्वप्रथम कपॅसिटर बसवा म्हणतात. माझ्या समजुतीप्रमाणे कपॅसिटरमुळे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेचे प्रमाण) सुधारतो आणि लाइनमधील करंट घटतो, पण मोटारीच्या आत वाया जाणारी वीज वाचत नाही. शिवाय जेवणाच्या सुट्टीत माग बंद असताना कपॅसिटर जोडलेलेच राहिले, तर पॉवर फॅक्टर लीडिंग होतो, म्हणजे उलट बाजूने बिघडतो. एवढ्या लहान भारासाठी स्वयंचलित पॅनेल परवडते का, की प्रत्येक मोटारीच्या स्टार्टरनंतर छोटा कपॅसिटर जोडावा, म्हणजे मोटारीसोबत तोही बंद होईल?

माझ्याकडे सध्या फक्त क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजायचे उपकरण) आहे. कमी भारावर पॉवर फॅक्टर खूप घसरत असल्याने नुसत्या करंटवरून खरे वॅट कळत नाहीत. म्हणून एका जुन्या आणि एका नव्या मोटारीच्या मागावर वेगवेगळे थ्री-फेज सबमीटर बसवून, दोन्हींवर एकाच वाणाचा टॉवेल घेऊन, किलोमागे किती युनिट लागतात ते पंधरा दिवस लिहून ठेवायचे आहे. या मोजणीत पट्ट्याचा ताण आणि मागाचा वेग सारखा ठेवण्याखेरीज आणखी कोणती काळजी घ्यावी, हे कळवल्यास सोमवारपासून सुरुवात करता येईल.