मदत हवी: कँटरला घोडा थांबत नाही, कुठला बिट घेऊ?

रपेट_सातारा
मारवाडी घोडा, सहा वर्षांचा. दुडकीपर्यंत ठीक. कँटरला (दुडकीपुढची संथ दौड) सोडला की मान वर करून सुटतो, कितीही ओढा, ऐकत नाही. बिट (लगामाचा तोंडातला भाग) बदलायचाय. पेल्हॅम (दोन लगामांचा, दांडी-साखळीवाला) घेऊ की लांब दांडीचा कर्ब (दांडी ओढली की हनुवटीखालची साखळी आवळणारा)? रविवारच्या आत हवाय.

पागेकर
आत्ता तोंडात काय आहे? दात कधी तपासले? चंदी (दाणा) किती? मोकळा किती वेळ असतो?

हिरवा_माळ
कर्बच घ्या. साखळीचा पीळ काढून ती हनुवटीच्या खोबणीत सपाट बसवा. दांडी साधारण 45 अंश मागे आली की साखळी लागली पाहिजे. लगेच फरक दिसेल.

पागेकर
फरक दुखण्याचा दिसेल. मान वर करून पळणारा घोडा बहुधा तोंडातल्या नाहीतर पाठीतल्या दुखण्यापासूनच पळत असतो. कडक बिटालाही तो सरावतो, मग त्याहून कडक शोधणार का?

रपेट_सातारा
एका सांध्याचा स्नॅफल (दांडी-साखळी नसलेला साधा बिट). दात कधीच बघितले नाहीत. ओट-हरभरा मिळून 4 किलो. रोज तासभर रपेट, बाकी तबेल्यात. बिटाचं सांगा ना कोणीतरी!

तापीकाठ
अंगावर केसांचे भोवरे कुठे आहेत? फोटो टाका. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) बघूनच भाव ठरतो.

डॉ_अश्व
बिट नंतर. वरच्या पहिल्या दाढेपुढे वुल्फ टूथ (छोटा जादा दात) असेल तर बिट त्यावर आपटतो. दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झाल्या की गाल आतून कापतात. त्या कानशीने घासाव्या लागतात. दर वर्षी तपासा. तेवीस तास बांधलेल्या घोड्याला 4 किलो चंदी फार होते. दहा दिवसांत हळूहळू निम्मी करा, वैरण वाढवा. एकदम बदल केलात तर पोटशूळ होईल. खोगीर खांद्यावर दाबतं का, तेही बघा.

पागेकर
दात झाले की कुंपणातल्या जागेत सुरुवात करा. चालीत (साध्या पावलांत) आधी ‘होss’ म्हणा, मग लगामावर बोटं मिटा. थांबला की त्याच क्षणी बोटं सैल. शिकवणं त्या सोडण्यात आहे. सतत ओढलंत तर त्याला रेलायला आधार मिळतो. हे पक्कं झालं की तीन-चार पावलं मागे, मग दुडकीतून चाल. शेवटी 20 मीटरच्या गोलात कँटरच्या पाच-सहा उड्याच, आणि वेग वाढायच्या आत परत दुडकी.

हिरवा_माळ
आणि रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला तर? ब्रेक नको?

पागेकर
तोवर रस्त्यावर कँटर नको. दोन लगामांचा पेल्हॅम स्थिर हाताच्या स्वारासाठी असतो, ओढणाऱ्यासाठी नाही. सुटलाच तर मोठ्या गोलात घ्या, गोल लहान करत आणा. भर वेगात एकाच लगामाने मान वळवलीत तर पाय अडकून तोंडावर पडेल.

रपेट_सातारा
गावात काटेरी लगाम मिळतो, तात्पुरता चालेल?

डॉ_अश्व
अजिबात नाही. जीभ आणि हिरड्या फाटतात. भारवाहू आणि ओढकाम करणाऱ्या जनावरांच्या 1965च्या नियमांत काट्यांच्या बिटावर बंदी आहे, आणि स्वारीचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे.

मुक्ता_प
नाल सहा आठवड्यांनी बदलताय ना?

रपेट_सातारा
नालांचं विचारलंच नाही! दातांसाठी डॉक्टर कुठे मिळेल, सातारा-कराड भागात?

डॉ_अश्व
घोड्यांचं काम करणाराच बघा, गाई-म्हशींच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवायचा साचा बहुधा नसतो. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. रविवारी फक्त चाल.