कानोसा, चाहूल आणि लोकलची खडखड

पनवेलकर : रोज पनवेल ते सीएसएमटी. बसायला मिळालं की डोळे मिटतो आणि नुसत्या आवाजावरून गाडी कुठे आली ते ओळखतो. वाशीचा खाडीपूल लगेच कळतो, आजूबाजूच्या भिंती सुटतात आणि आवाज पाण्यावर पसरून जातो. मानखुर्द आलं की पुन्हा डब्यात कोंडतो. अशा ऐकण्याला काय म्हणावं? 'कानोसा घेणे' म्हटलं तर बायको म्हणते, "लोकांचं चोरून ऐकता की काय?"

ठाणेकर : वहिनींचं अर्धं खरं आहे. कानोशाला दाराआडचा वास आहेच. पण मूळ मुद्दा चोरीचा नाही, जे दिसत नाही त्याचा अंदाज कानांनी घेण्याचा आहे. मिटल्या डोळ्यांनी खाडी ओळखणं हा कानोसाच. 'चाहूल' मात्र इथे नको. चाहूल येणाऱ्याची लागते. गाडी दिसायच्या आधीच फलाटावरच्या पाठपिशव्या पोटावर येतात ना, तेव्हा लागलेली असते ती चाहूल.

नागपूरकर : थोडक्यात, चाहूल लागते, कानोसा घ्यावा लागतो.

ठाणेकर : 'चाहूल घेणे'ही म्हणतात हो. पण कल बरोबर पकडलात.

कल्याणकर : थोडं विषयांतर. लोकलची म्हणून जी 'खडखड' आपण लिहितो ती आता उरलीय कुठे? जुने रूळ १३ मीटरचे, फिशप्लेटने म्हणजे लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले. ताशी ६० किलोमीटरने गाडी गेली तर एक चाक सेकंदाला सव्वा सांधा ओलांडणार, त्याचा तो ठेका. आता रूळ वितळवून सलग जोडतात, ठेका गेला. वडाळ्याला गाडी सांधे बदलते तेव्हा तेवढी 'खडाखड' होते. तीही एकदाच, म्हणून मी तिला खडखड म्हणणार नाही. एकदाच झालं तर 'खाडकन', चालूच राहिलं तर 'खडखड', आणि त्यापुढे दुसरं काही ऐकूच येईना झालं की 'खडखडाट'. गंमत अशी की तिजोरीत मात्र काहीच नसतं तेव्हा खडखडाट असतो!

सांगलीकर : यातला एकही शब्द रेल्वेचा नाही, हे लक्षात घ्या. पहिली गाडी १८५३ची. खडखड बैलगाडीची, घरघर जात्याची, करकर नव्या वहाणांची. रेल्वेला सगळं उसनं मिळालं. रेल्वेची स्वतःची म्हणावी तर शिट्टी. वाफेचं इंजिन गेलं, हॉर्न आला, तरी आमच्याकडे अजून 'गाडीनं शिट्टी दिली' असंच म्हणतात.

पनवेलकर : मग नव्या गाड्या सुटताना जो चढत जाणारा बारीक आवाज येतो, त्याला काय म्हणू? 'गुणगुण' फार गोड होतं, 'भुणभुण' डासाची.

कल्याणकर : 'घूं' लिहून मोकळे व्हा.

ठाणेकर : 'घूं' एकाच पट्टीत राहतो. हा पायरी-पायरीनं वर जातो आणि मध्येच पट्टी बदलतो. आमच्या डब्यातल्या भजनी मंडळाचे पेटीवाले काका म्हणतात, "गाडी सूर लावतेय, थांबा." टाळ त्यानंतरच वाजतात.

पनवेलकर : 'सूर लावणे' घेतला. घरी कानोशाचं काय ते बघतो.